सरोवरातले गलबत

वर्गात ‘सरोवर’ शब्द आला, की मुलांना कमळे आणि हंस आठवतात. मला मात्र उत्तर अमेरिकेतले मिशिगन सरोवर आठवते. १६७९ साली ला साल या फ्रेंच साहसी पुरुषाचे ‘ग्रिफॉन’ हे लाकडी गलबत त्या गोड्या पाण्यात गेले. १८ सप्टेंबरला केसाळ कातडी भरून ते परत निघाले. त्या मालातून सावकारांचे देणे फिटायचे होते. ला साल मागे राहिला, गलबतावर सहा माणसे होती. वादळ उठले आणि ते गलबत पुन्हा कुणाला दिसले नाही.

देण्याचा हिशेब इतिहास आठवणीने सांगतो. पण वाचकहो, यंदा दारात पणती लावताना माझ्या मनात येते, त्या सहांच्या घरी दिवा किती रात्री जळत राहिला असेल?