पेढ्यांनंतरचे सहा महिने

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतानाच मुलाची किंवा मुलीची एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली, की मराठी मध्यमवर्गीय घरात पेढे येतात. देवापुढे एक, शेजारी चार, मामाकडे अर्धा किलो. वडील शैक्षणिक कर्जाची फाइल पुन्हा एकदा काढून बघतात आणि 'एक काळजी मिटली' असे आई म्हणते. तिचे म्हणणे खोटे नसते. सोलापूर, नांदेड, चंद्रपूर, सावंतवाडी अशा गावांतल्या हजारो घरांची घडी गेल्या तीस वर्षांत या एका नोकरीने बदलली आहे. पूर्वी बँकेत किंवा टेल्कोत लागलेल्या मुलाकडे गाव ज्या नजरेने पाहत असे, त्याच नजरेने आता हिंजवडीला लागलेल्या मुलाकडे पाहिले जाते.

पण कंपनीकडून आलेले पत्र नीट वाचले, तर त्यात एक शब्द असतो आणि पेढ्यांच्या गडबडीत तो सर्वांच्या नजरेतून सुटतो. पत्रात नेमणूक 'इंजिनियर' म्हणून नसते, 'ट्रेनी' म्हणजे प्रशिक्षणार्थी इंजिनियर म्हणून असते. नोकरी आणि नोकरीची शक्यता यांत जेवढे अंतर आहे, तेवढे अंतर या एका शब्दात आहे. गेल्या तीन-चार वर्षांत हे अंतर अनेक घरांना अनुभवाने कळले. म्हणून या विषयाकडे जरा सविस्तर पाहायला हवे.

कॉलेजनंतरचे कॉलेज

प्रशिक्षणाची ही पद्धत आली कोठून? महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजे निघाली. दक्षिणेकडच्या राज्यांतही असेच घडले. पदवीधर भरपूर तयार होऊ लागले, पण त्यांच्या ज्ञानाची प्रत सारखी नव्हती. दुसरीकडे, नव्वदच्या दशकात आणि विशेषतः २००० सालच्या 'वायटूके'च्या धांदलीत, भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसे हवी होती आणि तीही हजारांनी. तेव्हा कंपन्यांनी सोपा हिशेब केला. मुलाने मेकॅनिकल केले की सिव्हिल, हे फारसे पाहायचे नाही. तर्कबुद्धी आणि इंग्रजी तपासायचे, आणि उरलेले आपणच शिकवायचे.

त्यातून कॉलेजनंतरचे दुसरे कॉलेज उभे राहिले. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या आणि पुढे बंगलोरला गेलेल्या इन्फोसिसने म्हैसूरला उभारलेले प्रशिक्षण केंद्र हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. शेकडो एकरांचा परिसर, वसतिगृहे, वाचनालय, पोहण्याचे तलाव. पालक सोडायला गेले, की परत येऊन नातेवाइकांना फोटो दाखवतात. टाटा कन्सल्टन्सीचे असेच मोठे केंद्र तिरुवनंतपुरमला आहे. बाकीच्या कंपन्यांचीही आपापल्या वकुबानुसार सोय असते.

आतला दिनक्रम मात्र सहलीचा नसतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग, त्यानंतर संगणकावर सराव. जावा, पायथॉन, डेटाबेस, चाचणी अशा विषयांचे टप्पे. चार वर्षांत जे सावकाश शिकायचे, ते येथे चार-सहा महिन्यांत. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी परीक्षा आणि ठरावीक गुण मिळाले तरच पुढे. नापास झाल्यास पुन्हा एक-दोन संधी. कॉम्प्युटर शाखेच्या मुलांना हे जमून जाते. ज्याने चार वर्षे यंत्रांचे आराखडे काढले, त्याला पहिल्या महिन्यात रात्र रात्र जागावे लागते. घरी फोनवर तो 'सगळे छान चालले आहे' असेच सांगतो.

यातून पार पडल्यावरही लगेच काम मिळतेच असे नाही. मग 'बेंच' हा या धंद्यातला खास शब्द कानावर पडतो. प्रकल्प मिळेपर्यंत बसून राहायचे, याला बेंचवर असणे म्हणतात. नंतर काम कोठे आणि कोणते मिळेल, हेही आपल्या हाती नसते. पुणे मागावे आणि चेन्नई किंवा भुवनेश्वर मिळावे. नवा प्रोग्रॅम लिहिण्याची हौस असावी आणि अमेरिकेतल्या एखाद्या बँकेच्या जुन्या प्रणालीतल्या तक्रारी रात्रपाळीत निवारण्याचे काम यावे, हे नेहमीचेच.

पिरॅमिडचा पाया

कंपन्या हा एवढा खर्च धर्मादाय म्हणून करीत नाहीत. या धंद्याची रचना पिरॅमिडसारखी आहे. वर थोडे अनुभवी आणि महागडे लोक, खाली पुष्कळ नवे आणि स्वस्त. परदेशी ग्राहकाकडून माणसामागे, तासामागे पैसे घ्यायचे आणि खालचा थर रुंद ठेवून सरासरी खर्च कमी राखायचा. कंपन्यांच्या तिमाही अहवालात मनुष्यबळाच्या वापराचे आकडे कधी कधी दोन दिलेले आढळतात : प्रशिक्षणार्थी धरून आणि प्रशिक्षणार्थी वगळून. त्यावरूनच लक्षात येते, की हिशेबाच्या वहीत ट्रेनी ही एक वेगळी जात आहे. मागणी वाढली की हा थर फुगतो आणि मागणी आटली की पहिला चिमटा त्यालाच बसतो.

गेल्या काही वर्षांतले आकडेच पाहा. करोनाच्या काळात जगभरच्या कंपन्यांना एकाएकी सगळा कारभार संगणकावर आणायचा होता. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १ लाख आणि इन्फोसिसने सुमारे ८५ हजार नवे पदवीधर घेतले. पुढच्या वर्षी इन्फोसिसचा आकडा ५० हजारांच्या आसपास आला आणि २०२३-२४ मध्ये तो १२ हजारांच्याही आत गेला. दोन वर्षांत ८५ हजारांवरून १२ हजार! पीक तेच, मशागत तीच, पण बाजारभाव कोसळला, असे आपला शेतकरी म्हणतो. तसलाच हा प्रकार.

पगाराचे गणितही पालकांनी समजून घ्यावे. नव्या पदवीधराचे वार्षिक वेतन २०१० च्या सुमारास तीन-सव्वातीन लाख रुपये होते. सर्वसाधारण भरतीत ते आजही साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळते. या दीड दशकात महागाईने रुपयाची खरेदीची ताकद निम्म्यावर आणली. म्हणजे आजचा ट्रेनी २०१० सालच्या ट्रेनीच्या जवळजवळ अर्ध्या पगारावर काम करतो, असा याचा सरळ अर्थ. भविष्यनिर्वाह निधी आणि इतर कपाती जाऊन हाती येतात महिना बावीस-पंचवीस हजार. त्यातून पुण्यातल्या खोलीचे भाडे, खानावळ आणि कर्जाचा हप्ता. विशेष प्रावीण्य असलेल्या थोड्या मुलांना दुप्पट-तिप्पट पगार मिळतो हे खरे, पण सर्वांच्या डोळ्यांपुढे आकडा असतो तो त्यांचा.

वाट पाहणारी पिढी

खरी परवड झाली ती २०२२ च्या सुमारास निवड झालेल्या मुलांची. हाती पत्र होते, पण रुजू होण्याची तारीख नव्हती. 'लवकरच कळवू' एवढेच उत्तर. सहा महिने गेले, वर्ष गेले, काहींची दोन वर्षे गेली. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. बँकेला कंपनीच्या अडचणीशी कर्तव्य नसते. पगार सुरू होण्यापूर्वी हप्ता सुरू झाला आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या वडिलांनी तो भरला, अशी घरे आपल्या आसपास आहेत. दुसरीकडे अर्ज करावा, तर 'हातात चांगली नोकरी असताना कशाला?' असे घरचेच म्हणत. विप्रोने तर २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहा लाखांचा शब्द दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर लगेच येता का, अशी विचारणा केली. अनेकांनी नाइलाजाने होकार दिला.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत म्हैसूरची घटना घडली. दोन वर्षे वाट पाहून २०२४ च्या शरद ऋतूत रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थींपैकी तीनशेहून अधिक जणांना, अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याने, इन्फोसिसने निरोप दिला. प्रत्येकाला तीन संधी दिल्या होत्या आणि ही अट नेमणुकीच्या करारातच होती, असे कंपनीचे म्हणणे. पुण्यातून काम करणाऱ्या 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असल्याचा दावा केला आणि मंत्रालयाने कर्नाटक सरकारला लक्ष घालण्यास सांगितले. पुढच्या काही तुकड्यांना कंपनीने महिन्याचे वेतन आणि दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी बाहेरच्या संस्थेत प्रशिक्षण देऊ केले.

कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ नाही. ज्याला काम जमत नाही त्याला ठेवणे कोणत्याही धंद्याला परवडत नाही, आणि परीक्षा ठेवली म्हणजे कोणीतरी नापास होणारच. पण न्यायाचा प्रश्न वेगळाच आहे. दोन वर्षे वाट पाहायला लावताना कंपनीला काही गमवावे लागले नाही. मुलाची मात्र उमेदीची दोन वर्षे गेली. दोन वर्षांत अभ्यासाची सवय मोडते, शिकलेले विसरते. मग त्याच मुलाची काही आठवड्यांत परीक्षा घेऊन 'तू अपात्र' म्हणायचे. करारातले एकही कलम मोडलेले नसेल, तरी व्यवहारात धोक्याचा सारा भार एकाच पारड्यात पडला, असेच म्हणावे लागेल.

बाँडची गोष्टही तशीच. अमुक महिने नोकरी सोडल्यास अमुक रक्कम भरा, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षे सेवेची आणि न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. हे प्रकरण सरकारी बँकेचे होते आणि तिच्या भरतीच्या खास परिस्थितीचा विचार त्यात झाला होता, हे ध्यानात घ्यावे. तरी 'बाँडला कोर्टात काही किंमत नसते' या ऐकीव समजुतीवर कोणी विसंबू नये. सही करण्यापूर्वी तो कागद वाचावा आणि जमल्यास ओळखीच्या वकिलाला दाखवावा.

नवे यंत्र, जुना प्रश्न

या सगळ्यावर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'चॅटजीपीटी' आले. साधा प्रोग्रॅम लिहिणे, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणे, चाचण्या तयार करणे, माहितीपत्रके लिहिणे ही कामे यंत्र आता बऱ्यापैकी करते. नवा ट्रेनी पहिली दोन वर्षे नेमकी हीच कामे करीत असे आणि ती करता करताच शिकत असे. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार कर्मचारी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यात रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. म्हणजे आता पिरॅमिडचा कोणताच थर निर्धास्त नाही.

तरीही 'सॉफ्टवेअर संपले' असे म्हणणे आततायीपणाचे होईल. पन्नास लाखांहून अधिक लोक या धंद्यावर पोट भरतात. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे सांगायला जाणता माणूस लागतोच. मात्र तो जाणता माणूस दहा वर्षांपूर्वी ट्रेनीच होता. आज नवी भरती आटवली, तर दहा वर्षांनी जाणते कोठून आणणार, याचे उत्तर कंपन्यांनाही द्यावे लागेल.

काय करता येईल?

आपल्याकडे याला एक जुना शब्द आहे : उमेदवारी. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मुले उमेदवारी करीत. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने त्या उमेदवारीला मुदत, विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र दिले. नोकरीची हमी त्याही कायद्यात नव्हती. पण उमेदवार बाहेर पडला, तर शिकल्याचा सरकारी कागद त्याच्या हाती असे आणि तो दुसऱ्या कारखान्याचे दार वाजवू शके. सॉफ्टवेअरच्या ट्रेनीला चार महिन्यांनी निरोप मिळाला, तर त्याच्या हाती काय उरते? दुसऱ्या मुलाखतीत सांगायला अवघड अशी एक रिकामी जागा. शिकवलेल्या आणि पास झालेल्या प्रत्येक टप्प्याचे, सर्व कंपन्यांनी मानावे असे प्रमाणपत्र देणे, रुजू करण्याची तारीख पत्रातच लिहिणे आणि ती टळल्यास काही रक्कम देणे, एवढ्या तीन गोष्टी केल्या तरी बराच अन्याय दूर होईल. त्यासाठी सरकारला फार मोठी क्रांती करावी लागणार नाही.

कॉलेजांनीही निवडीचे फलक प्रवेशद्वारावर लावताना, किती जणांना पत्र मिळाले याबरोबर किती जण प्रत्यक्ष रुजू झाले आणि वर्षभराने किती टिकले, हे लिहावे. पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांना खरे चित्र त्यातूनच दिसेल.

आणि आपण पालकांनी? पेढे जरूर वाटावेत. पत्र आले तरी रुजू होईपर्यंत दुसरे दार बंद करू नये, एवढे मुलाला सांगावे. वाट पाहण्याच्या काळात अभ्यास सुटू देऊ नये. कर्जाचा पहिला हप्ता पगाराआधी आला तर काय, याचा विचार आधीच करून ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रशिक्षणातून मुलाला परत यावे लागले, तर घरी येताना त्याला लाज वाटू नये, असे बोलणे घरात आधीपासून असावे. परीक्षेत नापास झाल्याचे आईवडिलांना सांगायचे कसे, या धास्तीने वसतिगृहाच्या खोलीत बसून राहणाऱ्या मुलाला सर्वांत आधी हवा असतो तो घरचा फोन. आणि त्या फोनवर पहिला प्रश्न 'जेवलास का?' असाच असावा.