आगीची घंटा आणि पहिली तीन मिनिटे

मोठ्या इमारतीतील स्वयंचलित आगसूचक यंत्रणा वाजली की अग्निशामक दलाने तत्काळ बंब घेऊन धावावे, हा ब्रिटनमधील जुना शिरस्ता आता मोडू लागला आहे. स्कॉटलंडच्या अग्निशामक सेवेने १ जुलै २०२३ पासून कचेऱ्या, दुकाने, कारखाने अशा ठिकाणी केवळ यंत्राच्या इशाऱ्यावर बंब पाठविणे थांबविले. आग खरोखरच लागली आहे असे कोणा मनुष्याने कळविले, तरच तेथे बंब जातात. लंडनच्या दलाने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सकाळी ७ ते रात्री ८.३० या वेळेपुरता बहुतेक व्यापारी इमारतींना असाच नियम लागू केला. रुग्णालये, वृद्धाश्रम, राहती घरे इत्यादी जेथे माणसे झोपतात अशा जागा दोन्ही ठिकाणी या नियमातून वगळल्या आहेत.

हे प्रथम ऐकणाऱ्याच्या मनात धसका बसणे साहजिक आहे. यंत्र ओरडत आहे आणि दल मात्र जागचे हलत नाही, हा प्रकार बेपर्वाईचा वाटतो. तथापि दलांच्या या निर्णयामागे जो हिशेब आहे, तो आधी समजून घेतला पाहिजे.

छताला बसविलेल्या धूरशोधकाला आग कळत नाही. त्याला कळतात ते हवेतील सूक्ष्म कण. नेहमीच्या प्रकारच्या धूरशोधकात एक लहानशी काळोखी पेटी असते. तीत प्रकाशाचा एक झोत सोडलेला असतो आणि तो टिपणारा घटक मुद्दाम त्या झोताच्या वाटेबाहेर ठेवलेला असतो. पेटीत धूर शिरला की कणांवर आदळून प्रकाश इतस्ततः विखुरतो, त्यातील थोडा त्या घटकावर पडतो आणि घंटा वाजते. परंतु चहाच्या किटलीची वाफ, करपलेल्या पावाचा धूर, भिंत फोडताना उडालेली धूळ, किंवा पेटीत शिरलेला एखादा किडा, हेही प्रकाश विखुरण्याचे काम तितक्याच निष्ठेने करतात. यंत्राचा त्यात दोष नाही. त्याला जे शिकविले तेच ते करते.

आता अशी कल्पना करा की एका उंच इमारतीत २,००० धूरशोधक आहेत आणि त्यांतील प्रत्येक १० वर्षांतून अवघा एकदाच फसतो. यंत्र म्हणून ही कामगिरी वाईट म्हणता येणार नाही. तरीही त्या इमारतीत वर्षाकाठी २०० वेळा, म्हणजे दर दोन दिवसांस एकदा तरी, खोटी घंटा वाजेल. खरी आग मात्र तेथे कित्येक वर्षांत एखादीच लागेल. शोधक जितके अधिक आणि आगी जितक्या विरळ, तितके खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण वाढणार. लंडनच्या दलाचा अनुभवही हेच सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अशा शंभर इशाऱ्यांमागे एकही खरी आग सापडत नाही. दर वेळी गर्दीतून भोंगा वाजवीत बंब न्यावयाचे, तेवढ्या वेळात दुसरीकडे कोणाचे घर पेटले तर तेथे दुरून मदत पाठवावयाची, आणि शेवटी करपलेला पाव पाहून परतावयाचे, हा व्यवहार परवडणारा नाही. शिवाय इमारतीतील माणसेही हळूहळू घंटेला सरावतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही?

येथवर दलांची बाजू बरोबर आहे. परंतु बंबाने जावयाचे नाही असे ठरल्यावर घंटा का वाजली हे पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी जातेच, आणि बहुधा ते रखवालदाराकडे किंवा देखभालीच्या कामगाराकडे जाते. या माणसाविषयी फारसे कोणी बोलत नाही.

४ मे १९८८ च्या रात्री अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत १२ व्या मजल्यावर आग लागली. त्या मजल्यावरील धूरशोधकाने इशारा दिला. पहाऱ्यावरील माणसांनी तो बंद करून यंत्रणा पूर्वस्थितीस आणली. काही वेळाने त्याच मजल्यावरील अनेक शोधक वाजले. तेही बंद करण्यात आले. मग देखभाल विभागातील एक कर्मचारी काय झाले आहे ते पाहण्यासाठी लिफ्टने थेट १२ व्या मजल्यावर गेला. दार उघडले ते पेटलेल्या दालनात, आणि त्याचा अंत झाला. त्या आगीतील तो एकमेव मृत्यू होय. अग्निशामक दलाला पहिली वर्दी मिळाली ती इमारतीबाहेरून ज्वाळा पाहणाऱ्यांकडून. पुढे ३८३ जवान लागले आणि आग आटोक्यात येईपर्यंत रात्रीचे दोन वाजून गेले होते. इमारतीत स्प्रिंकलर बसविण्याचे काम जवळजवळ पुरे होत आले होते. पण त्यांच्या पाण्याच्या झडपा बंद होत्या.

पुढे तीन वर्षांच्या आत, २३ फेब्रुवारी १९९१ रोजी, फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत जवळजवळ हीच हकीकत घडली. २२ व्या मजल्यावरचा इशारा येताच इमारतीचा अभियंता लिफ्टने वर गेला आणि दार उघडताच धूर व उष्णता यांनी वेढला गेला. तो लिफ्टमध्ये आडवा पडला आणि हातातील बिनतारी यंत्रावरून खाली हाक दिली. तळमजल्यावरील रखवालदाराने लिफ्ट खाली ओढून घेतली, म्हणूनच तो वाचला. इशाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीनेही दलाला कळविण्याआधी इमारतीतच दूरध्वनी करून चौकशी केली, आणि ‘पाहणी चालू आहे’ हे उत्तर तिला पुरेसे वाटले. येथेही पहिली वर्दी दिली ती रस्त्यावरील एका वाटसरूने. आगीशी लढताना दलाचे तीन जवान मृत्यू पावले.

या दोन घटनांवरून पाहणी करणेच चूक असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. चूक होती ती मुदतीवाचून पाहणी करण्यात, आणि घंटा बंद करणे म्हणजेच पाहणी करणे असे समजण्यात. अमेरिकेच्या आगसूचक यंत्रणांविषयीच्या संहितेत यावर एक सुज्ञ उपाय आढळतो. इशारा आल्यावर पहाऱ्यावरील प्रशिक्षित माणसाने १५ सेकंदांत कळ दाबून आपण जागे असल्याची खूण द्यावयाची. त्यानंतर पाहणीस जास्तीत जास्त १८० सेकंद मिळतात. खूण आली नाही, मुदत संपली, किंवा मधल्या वेळात दुसरा शोधक वाजला, तर यंत्रणा कोणाचीही वाट न पाहता पूर्ण इशारा देते. या व्यवस्थेत माणसाच्या मौनाचा अर्थ ‘आग आहे’ असा घेतला जातो. लॉस एंजेलिसमध्ये त्याच मौनाचा अर्थ नेमका उलट घेतला गेला. एकाच मजल्यावर अनेक शोधक वाजतात ही गोष्टच तेथे पुरेशी बोलकी होती; एका किटलीच्या वाफेने असे होत नाही.

ब्रिटिश दलांच्या नियमाला हीच जोड हवी. बंब केव्हा येणार नाहीत हे तो नियम स्पष्ट सांगतो. वर जाणाऱ्या माणसाची तयारी मात्र इमारतीच्या चालकावर सोडतो. इंग्लंडच्या २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाप्रमाणे कायद्याची जबाबदारी चालकाची आहे हे खरे; पण रात्रपाळीच्या रखवालदाराला कायद्याचे कलम उपयोगी पडत नाही.

भारतातही ‘राष्ट्रीय इमारत संहिता २०१६’ आणि आगसूचक यंत्रणांसाठीचे ‘आयएस २१८९’ हे मानक उपलब्ध आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार आगप्रतिबंधक साधने सुस्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावा लागतो. तो दाखला साधनांचा असतो. प्रवेशदाराशी बसलेल्या रखवालदाराला कोणी काही शिकविले आहे काय, हे त्याच वेळी विचारण्यास हरकत नसावी. शिकवावयाचे तरी फार नाही. वर जाताना लिफ्टने त्या मजल्यावर थेट उतरू नये. खालच्या एखाद्या मजल्यापासून जिना धरावा. दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने ते तापले आहे का पाहावे. बोलण्याचे साधन जवळ ठेवावे. खाली बसलेल्या सोबत्याने घड्याळ पाहत राहावे, आणि तीन मिनिटांत वरून निरोप आला नाही तर कोणाची परवानगी न मागता १०१ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा.