बूट कुणाच्या मापाचा?

पहाटे साडेपाचच्या सुमारास साताऱ्यात बोगद्याच्या अलीकडे उभं राहिलं, की यवतेश्वरच्या घाटाकडे निघालेल्या बायका दिसतात. दोघी-दोघी, चौघी-चौघी. कुणी ट्रॅकपँटमध्ये, कुणी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधून. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे दृश्य नव्हतं. २०१२ मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, २०१५ मध्ये तिची नोंद गिनेस बुकात झाली, आणि ‘घाट पळून येते’ हे वाक्य साताऱ्यातल्या घराघरांत बायकांच्या तोंडी आलं. सांगलीचंही तसंच. आधी नुसतं आमराईत फिरायला जाणाऱ्या आता रविवारी दंडोबाच्या डोंगरावर नाहीतर सागरेश्वरच्या बाजूला जाऊन येतात.

मला मात्र सवयीनं आधी पाय दिसतात. कुणाच्या पायात मुलाचे शाळेच्या पीटीचे पांढरे बूट. कुणाच्या पायात नवऱ्याचे जुने, पुढे सैल होतात म्हणून बोटांपाशी कापूस घातलेले. कुणाचे अगदी नवे, झगझगीत, आणि तरीही घाट उतरताना तीच सगळ्यात जास्त लंगडत असते! वीस-एकवीस किलोमीटर पळायचं म्हणजे चेष्टा नव्हे. पळताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. साठ किलोच्या बाईनं हिशेब करून बघावा. मग साडी घेताना चार दुकानं पालथी घालणाऱ्या आपण बूट घेताना दहा मिनिटांत बाहेर कशा पडतो?

सांगलीतल्याच एका दुकानात (नाव सांगत नाही) मी डोंगरात पळायचे बूट मागितले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, वॉकिंगला ना? हे घ्या, लेडीजमध्ये लई चालतो.” समोर आला तो गुलाबी बूट. मी म्हटलं, वॉकिंगला नाही, पळायला, आणि डोंगरात. तो म्हणाला, “मग जांभळा दाखवू का?” हसू आलं, रागही आला. पण त्या पोराला तरी काय बोलणार? बायकांचा बूट म्हणजे पुरुषांचा बूट लहान करायचा आणि रंगवायचा, हे मोठमोठ्या कंपन्यांनीच वर्षानुवर्षं केलं.

त्याच्याही आधी तर बायकांसाठी पळायचे बूटच नव्हते. १९६६ मध्ये बॉबी गिब ही अमेरिकन तरुणी बोस्टन मॅरेथॉन पळाली. बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुरू झाल्यावर घोळक्यात शिरली. सराव तिनं नर्सेसच्या पांढऱ्या चामडी बुटांवर केला होता आणि शर्यतीसाठी मुलांच्या मापाचे बूट विकत घेतले होते. पायाला फोड आले, तरी तिनं शर्यत पुरी केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडावं लागलं. तेव्हा मापाचा बूट न मिळणं ही काही आपल्या गावातलीच कथा नाही.

आता मापाचंच बोलू. बाईचं पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची छोटी आवृत्ती नसते. साधारणपणे चवड्याच्या मानानं टाच अरुंद असते. म्हणून पुरुषांच्या बुटात टाच मागे वर-खाली होते आणि तिथं फोड येतो. बायकांसाठी वेगळ्या साच्यावर केलेला बूट टाचेला घट्ट बसतो. पण मैत्रिणींनो, यात एक मेख आहे. बहुतेक परदेशी कंपन्यांचा बायकांचा नेहमीचा बूट रुंदीला पुरुषांच्या बुटापेक्षा एक पायरी अरुंद असतो. आणि आपले पाय? आपण वाढलो अनवाणी नाहीतर चपलेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यांच्या यादीत सांगली आणि साताराही आहेत. उघड्या चपलेत वाढलेल्या पायाची बोटं पसरलेली, चवडा रुंद. त्यात पहिल्या बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचं पाऊल किंचित लांब होतं, कमान थोडी बसते, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. लग्नाआधी पाच नंबर होता म्हणून चाळिशीतही पाचच मागायचा, यात काही अर्थ नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ‘लेडीज’ या पाटीला फार मानू नका. बायकांच्या बुटात रुंद माप मिळालं तर उत्तम. नाही मिळालं आणि पुरुषांच्या बुटात तुमचा चवडा मोकळा राहून टाचही धरली जात असेल, तर खुशाल तो घ्या. टाच थोडी सैल वाटली तर अगदी वरचं, रिकामंच राहतं ते नाडीचं भोक वापरा. त्यातून नाडी त्याच बाजूला परत ओवून छोटा फास करायचा, समोरची नाडी त्यातून घ्यायची आणि आवळायची. घाट उतरताना पाय पुढे घसरत नाही.

आता गादीविषयी. हल्ली जाड गादीच्या बुटांची चलती आहे. टाचेखाली तीस-चाळीस मिलिमीटरचा फोम! ही लाट आणली ‘होका’ या कंपनीनं. २००९ मध्ये दोन फ्रेंच माणसांनी ती काढली, आणि त्यांचा मूळ विचार होता डोंगर उतरण्याचा. चढताना दम लागतो, पण पाय मोडून पडतात ते उतरताना, हे यवतेश्वर उतरलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लांबच्या अंतरात, विशेषतः तिसऱ्या तासानंतर, मऊ गादी खरंच सुख देते. तळव्याची आग कमी होते.

पण गादी म्हणजे औषध नव्हे. गुडघा दुखतोय म्हणून आणखी जाड बूट, हा उपाय दुकानदार सांगतो. मी तरी आधी डॉक्टरांना दाखवा असंच म्हणेन. शिवाय गादी जितकी उंच तितके आपण जमिनीपासून वर. सरळ रस्त्यावर ठीक. दगडधोंड्यात घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. फार मऊ बुटात पाऊल डावीकडे-उजवीकडे डुलतं. डोंगरासाठी घ्यायचा तर गादी असावी, पण तळ रुंद असावा, आणि बूट मधोमध धरून पिळला तर फडक्यासारखा पिळला जाऊ नये. टाच आणि चवडा यांच्या उंचीत किती फरक आहे तेही विचारा. तो शून्यापासून दहा-बारा मिलिमीटरपर्यंत असतो. शून्याचा बूट ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात, पण सवय नसताना एकदम घातला तर पोटरी आणि टाचेमागची शीर बोंबलते. आठच्या आसपासचा असेल तर बहुतेकींना जमून जातो.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी डोंगरी बूट लागत नाही! नाव ‘हिल’ असलं तरी शर्यत डांबरी रस्त्यावर आहे. घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढे जायचं, फिरून परत यायचं. तिथं रस्त्यावरचा, चांगल्या गादीचा बूट हवा. डोंगरी बुटाच्या तळाला रबराचे दात असतात. डांबरावर ते टोचतात आणि झिजून जातात. म्हणजे पैसे दिले दातांचे आणि दात गेले डांबरात.

ट्रेल, म्हणजे पायवाट, ही वेगळी गोष्ट. अजिंक्यताऱ्याची मागची वाट, जरंडेश्वरचा डोंगर, यवतेश्वरच्या वरचे सडे. इथं जांभा दगड आणि कातळ. उन्हाळ्यात खडबडीत, पावसात शेवाळ धरलेला. ओल्या कातळावर लांब दातांचा बूट उलट घसरतो, कारण दगडाला टेकणारं रबरच कमी. तिथं तीन-चार मिलिमीटरचे, जवळजवळ बसवलेले दात आणि चिकट रबर हवं. बोटांपुढे कडक टोपी असलेला बूट घ्या, दगडाला ठेच लागली की तिची किंमत कळते. (कासच्या फुलांच्या पठारावर मात्र पळायला जाऊ नका. तिथली माती बोटभर जाडीची, आणि दोन-अडीच महिन्यांत सगळा संसार उरकणारी ती फुलं. आपले दातेरी बूट तिथं कशाला?)

सांगलीच्या मैत्रिणींचा प्रश्न निराळा. तुमच्याकडे काळी माती. पाऊस झाला की मळ्यातल्या वाटेवर चार पावलांत बुटाला किलोभर चिखल. तिथं दात लांब, पाच मिलिमीटरच्या आसपास, आणि एकमेकांपासून दूर हवेत, म्हणजे चिखल अडकून न राहता झडून पडतो. दंडोबा किंवा सागरेश्वरच्या कोरड्या, बारीक खडीच्या वाटांना मात्र मधले दात पुरतात. कृष्णाकाठानं सपाट रस्त्यावर पळणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये.

वॉटरप्रूफ बुटाचा मोह अनेकींना होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाऊस घोट्याच्या वरून येतो. एकदा आत पाणी गेलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही, बादलीसारखा भरून राहतो. जाळीदार बूट भिजतो आणि पळता पळता निथळतो. सह्याद्रीत जाळीच बरी.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात, लांब पळल्यावर तसेच सुजतात. ज्या मोज्यांत पळता तेच घालून जा. आणि सुती मोजे घालून लांब पळू नका. ते घाम धरून ठेवतात, तिथूनच फोडांची सुरुवात. दोन्ही बूट घाला, नाड्या बांधा, उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, काहींचं शेजारचं बोट लांब असतं. ही जागा नसली की उतारावर नखं काळी पडतात. मग दुकानात चाला. जिना असेल तर उतरून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे! ‘वापरल्यावर सैल होईल’ म्हणाला तर उठून या. चामडी चप्पल सैल होते, असा बूट व्हायची वाट बघू नये.

राहिला पैसा. खरी अडचण इथंच आहे. चांगला डोंगरी बूट पाच-सहा हजारांपासून सुरू होतो आणि पंधरा हजारांच्या पुढे जातो. मुलाच्या क्रिकेटच्या बुटांना घरात कुणी ‘कशाला?’ विचारत नाही. आईच्या बुटांना विचारतात. आणि बहुतेक वेळा ती स्वतःच स्वतःला विचारते. माझी एक मैत्रीण, शिक्षिका, स्वतःच्या पगाराचे बूट घरी आणले तेव्हा किंमत निम्मीच सांगितली. मला ते फार लागलं.

अशा वेळी कुणीतरी लता करे यांचं उदाहरण देतं. बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेली बाई नऊवारीत, अनवाणी पळाली आणि जिंकली, मग तुम्हाला कशाला हवेत दहा हजारांचे बूट? लता करे नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून पळाल्या होत्या. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या नावाचा खास उल्लेखही झाला. पण ती अनवाणी पावलं हौसेची नव्हती. त्या गरजेचं कौतुक करून दुसऱ्या बाईचे बूट नाकारायचे, हा कुठला न्याय? माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून निघालेली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिच्याबद्दल साताऱ्याला अभिमान आहे. मग त्याच साताऱ्यातल्या बाईनं तिशी-चाळिशीत पळायला घेतलं तर तिच्या बुटांचा खर्च किराणा आणि फीच्या यादीत का बसू नये? पालखी लोणंद-तरडगाव-फलटणवरून जाते, तेव्हा डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या आपण बघतो. लांब अंतर आपल्या बायकांना नवं नाहीच.

पैसे वाचवायचेच असतील तर गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या. नवं आलं की जुन्याची किंमत उतरते, आणि फरक बहुधा रंगाचाच असतो. रोज चालायला, बाजारात जायला तो बूट वापरू नका. एक बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर साथ देतो. वहीत तारीख आणि अंतर मांडून ठेवा, दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तसं. वरून नवा दिसला तरी गादी आतून बसलेली असते.

पावसात भिजलेला बूट उन्हात टाकू नका, चुलीशेजारी तर नकोच. डिंक सुटतो, फोम कडक होतो. आतली गादी बाहेर काढा, चिखल साध्या पाण्यानं धुवा, आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. दोन-तीन तासांनी कागद बदला. ही पुरवणी वाचून झाली असेल तर तीही चालेल.