गाडीत टॅबलेट बसवताना

घरात पडून असलेला टॅबलेट गाडीच्या डॅशबोर्डमध्ये बसवला, तर थोड्या पैशांत नकाशा, गाणी, रेडिओ सगळे हाताशी येते. मात्र त्यासाठी केवळ जागा असून भागत नाही.

लालबाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा गणपती उभा राहतो. परंतु लखनौमध्येही एक लालबाग आहे. हजरतगंजजवळच्या या भागात गाड्यांच्या सामानाची दुकाने ओळीने लागलेली आहेत. सीट कव्हर, हॉर्न, दिवे, स्पीकर... गाडीला जे जे चिकटवता किंवा लटकवता येईल, ते ते इथे मिळते. होळीच्या सुट्टीत मी दिल्लीहून ताईकडे गेले, तेव्हा भाऊजींनी मला चारबाग स्टेशनवरून घरी न नेता थेट याच बाजारात नेले.

कारण असे होते, की भाचीच्या ऑनलाइन शाळेसाठी २०२० साली घेतलेला सात इंची टॅबलेट कपाटात धूळ खात पडला होता. भाऊजींची गाडी दहा वर्षांची. तिच्यात जुना सीडी प्लेअर, तोही कधी चाले, कधी रुसे.

"नव्या गाड्यांत केवढे पडदे असतात! आपल्या गाडीने काय पाप केले आहे?" भाऊजी म्हणाले.

"पण भाऊजी, तुम्हाला तो बसवता येईल का?" मी विचारले.

"त्यात काय अवघड आहे? भोक आहे, टॅबलेट आहे."

इतके सोपे ते नव्हते, हे पुढच्या तीन महिन्यांत आम्हा सगळ्यांनाच कळले. आपल्याही मनात असा विचार असेल, तर आमचा अनुभव आपल्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखप्रपंच.

जागा मोजून घ्या

गाडीतल्या म्युझिक सिस्टीमच्या खाचेची मापे जगभर ठरलेली आहेत. ही पद्धत मूळ जर्मनीतली, म्हणून तिला तिथल्या मानक संस्थेच्या नावावरून 'डिन' म्हणतात. एक डिन म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दोन डिन म्हणजे १८० बाय १००. सात इंची टॅबलेट साधारणपणे या दोन डिनच्या खाचेपेक्षा थोडा मोठाच असतो. २०१२ साली आलेला नेक्सस ७ हा टॅबलेट जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गाड्यांत बसवला. तोही जवळपास १९८ मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर उंच होता. तेव्हा टॅबलेट खाचेच्या आत बसत नाही, तो खाचेवर बसवावा लागतो आणि त्यासाठी गाडीच्या मॉडेलप्रमाणे फ्रेम घ्यावी किंवा कापून घ्यावी लागते.

आधी पुठ्ठ्याचा, टॅबलेटच्या मापाचा तुकडा कापून डॅशबोर्डवर धरून पाहा. गिअर टाकताना हात अडतो का? एसीची जाळी झाकली जाते का? धोक्याच्या दिव्यांचे बटण दडते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, 'एअरबॅग' असे जिथे लिहिलेले असते, त्या भागावर किंवा त्याच्या वाटेत काहीही बसवू नका. एअरबॅग क्षणार्धात फुगते आणि वाटेतली वस्तू दगडासारखी फेकली जाते.

टॅबलेट कायमचा चिकटवून टाकू नका, काढता येईल असाच बसवा. हा सल्ला आम्हाला लालबागेतल्या एका वयस्कर कारागिराने दिला होता. त्याची किंमत आम्हाला पुढे कळली.

वीज कुठून घ्यायची?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि इंजिन सुरू असताना हा दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो. टॅबलेटला मात्र यूएसबीची ५ व्होल्ट वीज लागते. गाडीची तार सरळ टॅबलेटला जोडली, तर तो जागच्या जागी जळेल. मध्ये १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हवाच आणि तो २ ते ३ अँपिअरचा असावा. त्याहून कमी ताकदीचा लावला, तर नकाशा सुरू असताना टॅबलेट चार्ज होण्याऐवजी उतरतच जातो.

गाडीत दोन प्रकारच्या तारा असतात. एकीत वीज सतत असते, दुसरीत किल्ली फिरवल्यावरच येते. टॅबलेटची जोडणी दुसरीवरच करायची. आमच्याकडे इथेच चूक झाली. घराजवळच्या एका इलेक्ट्रिशियनने घाईत सतत वीज असलेली तार पकडली. ०.२ अँपिअर म्हणजे अगदी किरकोळ वाटते, पण दिवसभरात ते जवळजवळ ५ अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीच्या बॅटरीची क्षमता साधारण ३५ अँपिअर-तासांची. भाऊजी चार दिवस बाहेरगावी गेले होते. परत येऊन किल्ली फिरवली, तर गाडी नुसती 'टक टक' करत राहिली.

तारेच्या सुरुवातीलाच छोटा फ्यूज लावून घ्या. मूळ वायरिंग कापू न देता कपलर वापरा. गाडी वॉरंटीत असेल, तर वायरी कापल्यामुळे ती नाकारली जाऊ शकते. पिवळ्या आवरणाच्या तारांना तर हातच लावू देऊ नका, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

आवाजासाठी टॅबलेट जुन्या स्टिरिओला ब्लूटूथने किंवा ऑक्सच्या तारेने जोडता येतो. पण आमच्यासारखा जुना सीडी प्लेअर खाचेतून काढून टाकला, तर स्पीकरसाठी वेगळा छोटा अँप्लिफायर लागतो, कारण टॅबलेटमध्ये गाडीचे स्पीकर वाजवण्याची ताकद नसते. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी 'कुंई' ऐकू येऊ लागली, तर घाबरू नका. तो अर्थिंगचा दोष असतो आणि छोटा नॉइज फिल्टर लावल्यावर बहुधा जातो.

आतली मांडणी

टॅबलेट बसवला की अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे.

आधी त्यात जीपीएस आहे की नाही ते पाहा. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या काही टॅबलेटमध्ये ते नसते आणि मग नकाशा आपली जागा नीट दाखवत नाही. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. आपल्या भागाचा नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवला, तर सिमकार्डाविनाही रस्ता दिसतो. मात्र असा नकाशा अधूनमधून ताजा करावा लागतो आणि पुढे गर्दी आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी फोनचा हॉटस्पॉट लावावा.

पडद्यावर चारच चिन्हे ठेवा: नकाशा, गाणी, रेडिओ, फोन. अक्षरे मोठी करा. रात्री उजेड आपोआप कमी होईल अशी सोय लावा. बाकीच्या सगळ्या सूचना बंद करा. वधूवर मंडळाचा निरोप वळणावर यायला नको.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हा टॅबलेट गाडीत राहणार आणि गाडी सर्व्हिसिंगला, कधी दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. त्यात बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे अ‍ॅप ठेवू नका, वेगळे खाते उघडा. 'घर' म्हणून नेमका पत्ता साठवण्याऐवजी जवळचा चौक साठवा. गाडी विकताना सगळी माहिती पुसून टाकायला विसरू नका.

उन्हाने घात केला

मार्च-एप्रिल छान गेला. भाऊजी रोज फोनवर कौतुक सांगत. मेमध्ये मी पुन्हा गेले. लखनौचा मे म्हणजे पारा ४२-४३ अंशांवर, कधी ४५ च्या घरात आणि दुपारी अंग भाजणारी लू. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत तर तापमान सहज ६० च्या पुढे जाते आणि काचेखालचा डॅशबोर्ड त्याहूनही तापतो.

एके दिवशी ताई म्हणाली, "अगं, या टॅबलेटचा पडदा एका बाजूने उचलल्यासारखा दिसतो आहे."

पाहिले तर खरेच फट पडली होती. आतली बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. आत वायू तयार होतो, ती फुगते आणि अशी बॅटरी दाबली, टोचली किंवा तशीच चार्ज करत राहिली, तर पेटूही शकते. त्यातून ही बॅटरी पाच-सहा वर्षांची जुनी. भाऊजी पडदा बोटाने दाबून बसवायला निघाले होते, ताईने त्यांचा हात धरला. गाडीची किल्ली बंद करून, फ्यूज काढून आम्ही टॅबलेट सोडवला, मोकळ्या जागी फरशीवर ठेवला आणि मग तो जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेणाऱ्यांकडे दिला. काढता येईल असा बसवला होता, म्हणून हे पाच मिनिटांत झाले.

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा लालबागला गेलो आणि गाडीसाठीच बनवलेला अँड्रॉइड स्टिरिओ घेतला. हे यंत्र पाच-सहा हजारांपासून मिळते. त्यात टॅबलेटसारखी स्वतःची बॅटरी नसते, ते गाडीच्या विजेवर चालते. अँप्लिफायर आणि रिव्हर्स कॅमेऱ्याची जोडणीही त्यातच असते. घेताना एवढेच पाहा, की खोक्यावर छापलेली मेमरी आणि प्रत्यक्षातली मेमरी एकच आहे ना. दुकानातच सुरू करून, नकाशा आणि गाणे एकाच वेळी लावून पाहा. अडखळला, तर दुसरा मागा.

ज्यांना टॅबलेटच बसवायचा असेल, त्यांनी उन्हाळ्यात उतरताना तो काढून बरोबर न्यावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

डोळे कुठे असावेत?

खरा धडा मात्र यानंतर मिळाला. नवा स्टिरिओ लावून आम्ही घरी परतत होतो. संध्याकाळची वेळ, पॉलिटेक्निक चौराह्याची गर्दी. भाऊजी एक जुने गाणे शोधत होते. पडद्यावर बोट सरकवले, एकदा, दोनदा...

"अहो!" ताई ओरडली.

समोरची ई-रिक्षा थांबली होती. ब्रेक लागला, तरी आमचा बंपर तिला घासलाच. रिक्षेत एक बाई मांडीवर मूल घेऊन बसल्या होत्या. कुणाला काही झाले नाही, पण मूल दचकून रडू लागले. रिक्षावाला खाली उतरला. त्याने आपली रिक्षा पाहिली, मग खिडकीतून आमचा लखलखता पडदा पाहिला आणि अगदी लखनवी अदबीने म्हणाला, "बाबूजी, पहले सड़क देख लिया कीजिए."

त्याने शिव्या दिल्या असत्या, तर बरे वाटले असते. भाऊजी घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर जाते. लखनौ-आग्रा एक्सप्रेसवेवर १०० चा वेग असेल, तर ५५ मीटर. गाणे शोधायला दोन सेकंद पुरतात का, हे आपणच ठरवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात फोन वापरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग ठरते. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमांत रस्ता पाहण्यापुरती मुभा दिली गेली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बसवलेला पडदा हातात नसतो हे खरे, पण मन त्यात अडकले तर धोका तोच.

आणि रस्ता दाखवणाऱ्या नकाशावरही डोळे मिटून विसंबू नये. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी याच उत्तर प्रदेशात, बरेलीजवळच्या फरीदपूर भागात, रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. ते नकाशाच्या आधारे चालले होते, असे बातम्यांत आले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. नकाशाला ते ठाऊक नव्हते आणि गाडी अडवायला पुलाच्या तोंडाशी पुरेसा अडथळाही नव्हता. अशा वेळी वाचवतात ते आपले डोळे आणि कमी केलेला वेग.

आता ताईच्या घरी नियम झाला आहे. रस्ता आणि गाणी निघण्यापूर्वीच लावायची. वाटेत बदल हवा असेल, तर पडद्याला हात शेजारी बसलेल्याने लावायचा. भाऊजी एकटे असतील, तर आधी गाडी कडेला. चालू गाडीत पुढच्या पडद्यावर व्हिडिओ मुळीच नाही, मग भाची कितीही रुसो.

परवा फोनवर मी विचारले, "काय भाऊजी, स्टिरिओ कसा चालला आहे?"

"चालला असेल," ते म्हणाले, "तुझ्या ताईला विचार. मी रस्ता बघतो."