अकरा महिन्यांच्या भिंती

भाड्याच्या घराचा करार मी पहिल्यांदा नीट वाचला तो वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. तोवर आम्ही मालक होतो. म्हणजे पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला, १९८४ साली बांधलेल्या सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत आमचा एक ब्लॉक होता. इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डरनं तीन वर्षांचं भाडं देऊ केलं आणि २०२२च्या पावसाळ्याआधी आम्ही सोळाच्या सोळा घरमालक एकाच महिन्यात भाडेकरू झालो. करारातली बाकीची कलमं अपेक्षितच होती. एका कलमाशी मात्र मी अडखळले. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, रंग बदलायचा नाही.

"मग ह्यांचा फोटो कुठं लावायचा?" सासूबाईंनी विचारलं. सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे, आई," मी म्हणाले.

हे वाक्य पुढं आमच्या घरात फारच चाललं. नव्या खिडक्यांना जुने पडदे आखूड झाले. तीन वर्षांचाच प्रश्न आहे. पुस्तकांना जागा नाही. राहू देत बांधलेलीच. टेम्पोतून उतरलेली चौदा खोकी आतल्या खोलीत छतापर्यंत रचली होती. प्रत्येकावर आईंनी शाळामास्तरिणीच्या अक्षरात आत काय आहे ते लिहून ठेवलं होतं. 'गोधड्या.' 'पितळी भांडी.' 'पाट.' एका खोक्यावर नुसतंच 'ह्यांचं', तर एकावर 'नव्या घरी'. हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि चार खुर्च्या. येणारे-जाणारे म्हणायचे, छान मोकळं ठेवलंय हो. मोकळं कसलं, स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे आम्ही राहत होतो. गाडी कधी येणार ते बिल्डरला ठाऊक.

ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. पुण्या-मुंबईत आज कुठल्याही गल्लीत शिरलात तर एक तरी इमारत हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसते. तिच्यातली माणसं आसपासच्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, दुसऱ्या कुणाच्या तरी रंगाच्या भिंतींमध्ये दिवस मोजत असतात. शिवाय नोकरीसाठी आलेली मुलं आहेत, बदलीवाले आहेत आणि आयुष्यभर भाड्यानंच राहणारे तर आहेतच. ह्या सगळ्यांच्या करारात तो खिळा असतो आणि अकरा महिने असतात.

हे अकरा महिन्यांचं प्रकरण आलं कुठून, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी बांधून टाकली आणि भाडेकरूला सहजासहजी उठवता येणार नाही अशी व्यवस्था केली. मालकांनी मग भाडेकरू हा शब्दच टाळला आणि 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे केवळ राहण्याचा परवाना देऊ लागले. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्याचा मालकांनी घेतलेला धसका दोन पिढ्या पुरला. त्यातच वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून अकरा महिने. कुणी मुळं धरू नयेत एवढाच त्याचा अर्थ. पुढं १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून अंमलात आला. त्यानुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. परवान्याची मुदत संपली की जागा परत मिळण्याची सोयही त्यात आहे. म्हणजे भीतीचं कारण बरंचसं गेलं, अकरा महिन्यांचंही गेलं. सवय तेवढी राहिली. तीन वर्षांचा करार करता येतो, पाच वर्षांचाही येतो. तरी एजंट छापील मसुदा काढतो आणि आपण सही करतो.

आईंना ह्या परवान्याचं काही केल्या पटत नसे. कारण भाडेकरू म्हणून त्यांनी वीस वर्षं काढली होती. १९६४ साली लग्न होऊन त्या सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आल्या. माडीवरच्या दोन खोल्या, भाडं अठरा रुपये. वाड्याच्या मातीच्या भिंतीत खिळा धड बसायचा नाही, गिलाव्याचा ढपला निघायचा. पण तशी वेळच फारशी येत नसे. खुंट्या होत्या, कोनाडे होते, भिंतीतलं फडताळ होतं, तुळईला पाळण्यासाठी कड्या होत्या. तसबिरी वरच्या लाकडी पट्टीवरून पुढं झुकलेल्या टांगायच्या. ज्यानं तो वाडा बांधला त्यानं इथं माणसं राहणार, त्यांच्या टोप्या, त्यांचे देव, त्यांचे कंदील असणार, हे धरूनच भिंत उभी केली होती. आई एका कोनाड्याला दर दिवाळीला गेरू लावायच्या. मालकाला विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. अठरा रुपयांत मालकानं कौलं तरी कशी शाकारायची? गोठलेल्या भाड्यांनी कितीतरी वाडे पोखरले. आईंच्या वाड्याच्या जागी आता पार्किंगसह पाच मजले आहेत.

असो. वेटिंग रूममधून आम्हाला उठवलं ते २०२३च्या हिवाळ्यानं. एका रात्री आवाज झाला म्हणून मी उठले, तर आई बाल्कनीच्या दाराशी उभ्या राहून कडीशी झटापट करत होत्या. "बाथरूमचं दार का लावून घेतलंय?" म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. दिवसा तशा ठीक, पण दुपारच्या झोपेतून उठल्या की भिंतीकडे पाहत बसायच्या आणि हळूच विचारायच्या, "आपण कधी जायचं गं?" मी घाबरले. डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर आमच्या जुन्या इमारतीत येऊन गेलेले. त्यांनी औषध लिहून दिलं आणि मग विचारलं, "घर लावलंत का?" मी खोक्यांचं सांगितलं. म्हणाले, "थोडं विसरणं वयाचं असेल, पण थोडं जागेचं आहे. ह्या वयात माणूस अंधारात सवयीनं चालतो. त्यांच्या ओळखीचं काहीतरी त्यांच्या नजरेसमोर असू द्या. तुम्ही सगळं बांधून ठेवलंय."

दीड वर्ष ज्याला मी टापटीप समजत होते त्याचं हे निदान!

पुढच्या रविवारी खोकी सोडायला घेतली. पहिल्यांदा आईंची कॉट फिरवली. जुन्या घरात उठलं की उजव्या हाताला बाथरूम होतं, ते इथंही उजवीकडे येईल अशी लावली. ह्या एका गोष्टीचा जेवढा उपयोग झाला तेवढा बाकी कशाचाच नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात वृद्ध माणूस असेल आणि घर बदलायचं असेल, तर पडद्यांच्या आधी पलंगाची दिशा बघा.

मग एकेक निघत गेलं. आईंच्या आईचं इरकली नऊवार निघालं. ते फाडायचं नाही आणि शिवायचंही नाही, अशी अट. ते दुहेरी घडी घालून, चिमटेवाल्या रिंगांनी खिडकीच्या दांडीला टांगलं. काठ खाली आले आणि सकाळच्या उन्हात खोलीभर अंजिरी उजेड पडला. मुंजीतले पाट एकावर एक रचून कॉटशेजारी बैठं टेबल झालं. घंगाळ्यात मनीप्लँट लावला. गोधडी सोफ्यावर आली. तिच्यात माझ्या नणंदेचे परकर आहेत, नवऱ्याचे शाळेचे शर्ट आहेत, आणि मधला एक चौकोन कशाचा ह्यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. सासऱ्यांचा मर्फी रेडिओ गेली वीस वर्षं मुका आहे. त्याच्यावर दिवा ठेवला, तर आई म्हणाल्या, "तापेल तो." दिवा खाली आला.

ह्यातलं काहीही विकत आणलेलं नव्हतं. गृहसजावटीच्या पानांवर दिसतात त्या घरांत माणसं कधी जेवत असतील का, अशी मला नेहमी शंका येते. विकत आणलं ते एकच, बिनखिळ्याचे चिकटणारे हुक. तिसऱ्या दिवशी एक हुक तळहाताएवढा डिस्टेंपर सोबत घेऊन खाली आला. टाइल्सवर ते ठीक राहतात, डिस्टेंपरवर नाही.

प्रश्न उरला फोटोचा. आणि त्यावर तोडगा काढला आईंनी. मराठी घरात दुसरा कुठला नसला तरी एक खिळा हमखास असतो, स्वयंपाकघरातला, कॅलेंडरचा. 'कालनिर्णय' १९७३ साली निघालं, तेव्हापासून तर पक्काच. आमच्या आधीच्या, की त्याच्याही आधीच्या भाडेकरूनं ठोकलेला तो खिळा होता. आईंनी कॅलेंडर काढून फ्रीजला लावलं आणि फोटो तिथं टांगला. एका चुलतसासूबाईंनी गेलेल्या माणसाचा फोटो ओट्यावर शोभतो का, म्हणून नापसंती दर्शवली. "असताना तरी कुठं बाहेर बसायचे? चहाच्या निमित्तानं अर्धा दिवस इथंच," आई म्हणाल्या. विषय मिटला.

हे सगळं मी कौतुकानं ऑफिसात सांगत होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण ऐकून घेत म्हणाली, "तुझा प्रश्न खिळ्याचा होता. आमचा फोटोचा असतो." तिला पहिलं घर मिळालं ते आठ ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर. बाबासाहेबांची तसबीर तिनं त्या घरात कपाटाच्या दाराला आतून लावली होती. मालक वर राहायचे, केव्हाही डोकवायचे. सकाळी साडी काढायला कपाट उघडलं की दर्शन व्हायचं, म्हणाली, आणि बंद करताना रोज वाईट वाटायचं. दोन वर्षांनी दुसरं घर मिळालं तेव्हा टेम्पोतून सर्वांत आधी तसबीर उतरवली आणि हॉलमध्ये, दार उघडताच दिसेल अशी ठेवली. कुणाला घर नाकारायचं असेल तर आत्ताच नाकारा, म्हणून.

आडनावावरून घर नाकारतात, मासळीच्या वासावरून नाकारतात, एकट्या बाईला नाकारतात. ज्याला घर कसंबसं मिळालेलं असतं तो भिंतीवर स्वतःला लावायला कचरतो. भाड्याच्या घरांच्या कोऱ्या भिंतींमागं आळस किती आणि ही भीती किती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. सजावट म्हणजे हौस असं समजणाऱ्यांतली मीही एक.

तिच्या बोलण्यानं मला जरा धीर आला आणि मी जे दीड वर्षापूर्वी करायला हवं होतं ते केलं. मालकांना फोन लावला. ते निवृत्त गृहस्थ, मुलीकडे परदेशी असतात. म्हटलं, सासऱ्यांच्या फोटोसाठी एक आणि आरशासाठी एक, असे दोन खिळे ठोकू का? सोडताना बुजवून, रंगाचा हात मारून देऊ. पलीकडून म्हणाले, "दोनच ना? ठोका की! ते कलम मी कुठं घातलंय? एजंटच्या छापील कागदात असतं ते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत का? मी जाऊन पाहिलं. दाराच्या मागच्या अंगाला, कमरेपासून खांद्यापर्यंत पुसट रेघा होत्या, मुलीची उंची मोजलेल्या. तारखा वाचता येत नव्हत्या. "आहेत," म्हटलं. "तेवढ्या राहू द्या," म्हणाले.

सगळे मालक असे नसतात, हे मला माहीत आहे. डिपॉझिटमधून दोन भोकांचे पाच हजार कापणारेही भेटतात. पण आपण विचारतच नाही, हेही तितकंच खरं. करार वाचताना भाड्यावर घासाघीस करतो, तशी एका ओळीवर करावी. चार खिळ्यांना मुभा, जाताना बुजवून देण्याची हमी, एवढं लिहून घ्यायला कुणाची काय हरकत असणार? आणि मालकांनी दर बिऱ्हाड बदलताना नाहीतरी रंग काढायचा असतोच. त्या रंगाखाली एक बुजवलेलं भोक असलं तर कुणाला दिसतंय?

फोटो आता आईंच्या कॉटसमोरच्या भिंतीवर आहे. मुलगा बंगळूरहून आला होता, त्यानं शेजाऱ्यांचं ड्रिल आणून लावून दिला. कॅलेंडर आपल्या खिळ्यावर परत गेलं. आई अधूनमधून अजूनही गोंधळतात, पण रात्री उठल्या तर उजवीकडे वळतात. "आपण कधी जायचं" हा प्रश्न महिन्या-दोन महिन्यांनी येतो.

तीन वर्षांची मुदत उलटून गेली, चौथं चालू आहे. आमच्या इमारतीचा नववा स्लॅब पडलाय. मध्यंतरी करार पुन्हा वाढवला. थंब मशीन घेऊन आलेला मुलगा इकडं-तिकडं बघत म्हणाला, "काकू, हे तुमचं स्वतःचंच घर आहे ना? मग भाडेकरार कशाला?" त्याला चहा दिला आणि पुढच्या अकरा महिन्यांसाठी अंगठा दिला.

चौदापैकी तेरा खोकी सुटली. ज्यावर 'नव्या घरी' लिहिलंय ते आईंनी सोडू दिलं नाही. त्यांच्या कॉटखाली आहे. झाडू मारताना ते बाहेर ओढावं लागतं आणि परत सरकवलं की त्या वाकून पाहतात, नीट आत गेलं का ते.