कॅनडातील आइस हॉकीची मैदाने : निधी कोठे जावा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात कॅनडाच्या केंद्र सरकारने रस्ते, पाणी, रुग्णालये आणि सामाजिक वास्तू यांच्यासाठी दहा वर्षांत ५१ अब्ज डॉलर्सचा निधी जाहीर केला. असल्या निधीकडे तेथील गावोगावच्या बर्फाच्या बंदिस्त मैदानांचीही दृष्टी लागलेली असते. मुलांची हॉकी या मैदानांवरच वाढते. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांच्या घरांतही ही मैदाने परिचयाची आहेत.

आपल्याकडे जमीन सपाट केली आणि गोलखांब रोवले की मुले खेळू लागतात. आइस हॉकीचे मैदान हा मात्र एक कारखानाच असतो. काँक्रीटच्या लादीखाली नळ्यांचे जाळे पसरलेले असते आणि त्यातून शून्य अंशाखाली थंड केलेले खारे पाणी सतत फिरते. त्यामुळे लादीवर सुमारे इंच-दीड इंच जाडीचा बर्फ टिकतो. हे पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, अनेक ठिकाणी अमोनियावर चालते. मासळीबाजाराला लाद्या पुरवणारे आपले बर्फाचे कारखाने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे तत्त्व नवे नाही आणि अमोनियाचा धोकाही नवा नाही.

तो धोका किती खरा आहे, हे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फर्नी या लहान शहराने १७ ऑक्टोबर २०१७ रोजी अनुभवले. तेथील मेमोरियल अरेनात अमोनियाची गळती होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले आणि आसपासच्या रहिवाशांना काही दिवस घरे सोडावी लागली. चिलरच्या एका नळीला पडलेल्या बारीक छिद्रातून अमोनिया खाऱ्या पाण्यात शिरत होता, असे प्रांताच्या सुरक्षा यंत्रणेला २०१८ साली चौकशीत आढळले. हा चिलर बदलावा, असा सल्ला २०१० मध्येच मिळाला होता. बदलण्याचे नियोजनही झाले, परंतु ते पुढे ढकलले गेले. अपघाताच्या वर्षी गळतीची चिन्हे दिसूनही यंत्र पुन्हा सुरू करण्यात आले.

हे फर्नीपुरतेच समजणे भाबडेपणाचे ठरेल. कॅनडातील कित्येक अरेना १९६७ च्या, म्हणजे राष्ट्राच्या शताब्दी वर्षाच्या उत्साहात उभारले गेले. 'सेंटेनिअल अरेना' हे नाव आजही जागोजाग आढळते. इमारती सरकारी अनुदानाने उभ्या राहिल्या, पण यंत्रे बदलण्याचा खर्च नगरपालिकांच्या माथी आला. नवा गुणफलक, नव्या खुर्च्या, रंगवलेला दर्शनी भाग यांचे उद्घाटन करता येते. चिलरच्या खोलीत कोणी फीत कापत नाही. निवडून आलेल्या माणसांचा हा स्वभाव आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

निधी वाटण्याची पद्धतही लहान गावांना जड जाते. ऑन्टारियोत २०१९ च्या योजनेत नगरपालिकांच्या प्रकल्पांसाठी केंद्राने ४० टक्के, प्रांताने ३३.३३ टक्के आणि नगरपालिकेने उरलेले २६.६७ टक्के द्यावे, असे सूत्र होते. वरवर पाहता हे उदारपणाचे आहे. परंतु काही हजार वस्तीच्या गावाला चौथा हिस्सा उभा करतानाही कर वाढवावा लागतो किंवा कर्ज काढावे लागते. त्यात अर्ज तयार करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांकडे असतात. शिवाय आर-२२ या शीतद्रव्याची आयात आणि निर्मिती २०२० पासून जवळजवळ बंद झाल्याने, त्यावर चालणाऱ्या मैदानांना यंत्रणा बदलण्याचा निर्णय टाळणे कठीण झाले आहे.

यात क्वेबेक प्रांताने घालून दिलेला धडा उपयोगी आहे. जुनी शीतद्रव्ये बदलण्यासाठी तेथे मैदानांना स्वतंत्र अनुदान मिळाले. सेंट-जेदिऑन-द-बोस येथील मैदानाने तर कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा बसवून उत्तर अमेरिकेत पायंडा पाडला. अशा यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेने इमारत आणि पाणी तापवता येते, त्यामुळे इंधनाचा खर्चही घटतो. निधी केवळ 'सुधारणा' या मोघम नावाने न देता यंत्रासाठी राखून ठेवला, तर तो योग्य ठिकाणी पोहोचतो.

एक प्रश्न मात्र यंत्र बदलून सुटत नाही. मैदान एकच असते आणि त्याचे वाटेकरी अनेक : मुलांचे संघ, मुलींचे संघ, फिगर स्केटिंग शिकणारी मुले, बर्फावर बसून खेळणारे अपंग खेळाडू, शिवाय रविवारी सहकुटुंब येणारे सामान्य नागरिक. शाळा सुटल्यानंतरचे तास सर्वांनाच हवे असतात. जुन्या संघांनी ते वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने धरून ठेवलेले असतात आणि नव्यांच्या वाट्याला पहाट किंवा उशिराची रात्र येते. टोरांटोत २००९ साली नगरपालिकेच्या मैदानांवर मुलींच्या संघांना पुरेसा वेळ मिळत नसल्याचा वाद गाजला, तो याच वहिवाटीमुळे. पैसा सर्व करदात्यांचा असेल, तर अनुदानाच्या करारातच तासांची वाटणी लिहून घ्यायला हवी. चिलर नवा झाल्यावर ही मागणी करणाऱ्या संघाच्या हाती फारसे काही उरत नाही.