आधी सुई पाहा!

दिवाळी सरता सरता आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगावी दंडार, रात्रभर नाटक, घरोघरी पाहुणे. गेल्या भाऊबीजेला बहीण माहेरी किरनापूरला आली, तिच्यासोबत नागपूरचा भाचा आला आणि भाच्याच्या हातात एक देखणी निळी सुटकेस आली. उघडली तर आत रेकॉर्ड प्लेअर! सारे घर भोवती गोळा झाले. भाच्याने बाबूजींच्या लाकडी पेटीतला एक तवा काढला, थाळीवर ठेवला आणि दांडी उचलली.

"अरे थांब! सुई कोणती आहे?" मी ओरडलो.

"मामाजी, ७८चं बटन आहे ना! मग कशाला घाबरता?"

मी पुढे होऊन दांडी धरली. झाले! ऐन सणात मी खडूस ठरलो. बहीण म्हणाली, "दादा, पोराने हौसेने आणलं, तुम्ही त्याचा पार विरस केला." हा आरोप मला मान्य आहे. पण ज्या हौसेला डोळे नाहीत ती हौस घरातल्या ठेव्याच्या मुळावर येते, हे माझे म्हणणेही कुणीतरी ऐकून घ्यावे, म्हणून हा लेख.

बटन फक्त वेग बदलते, सुई बदलत नाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तव्याची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. १९४८ साली आलेल्या ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीची खाच त्या मानाने केसासारखी. स्टिरिओ एलपीला सुमारे १८ मायक्रॉनचे टोक पुरते. म्हणजे चौपट फरक! एलपीची सुई तव्यावर ठेवली की ती भिंतींना टेकतच नाही, थेट खाचेच्या तळाशी जाऊन धुळीत खडखडते. गाणे कमी आणि खरखर जास्त. आपण मात्र म्हणतो, "जुना आवाज असाच असतो!" त्यात सुईचे टोक झिजते, आणि तीच झिजलेली सुई नंतर भीमसेन जोशींच्या अभंगांच्या एलपीवर ठेवली की ती नांगरासारखी चालते. असे आमच्याकडे पूर्वी एकदा झालेले आहे, म्हणून दुधाने तोंड पोळलेला मी ताकही फुंकून पितो.

दुसरा मोह पितळी कर्ण्याचा. काही वर्षांपूर्वी एका शहरात मीही त्या मोहात पडलो. दुकानदाराने शपथेवर "अस्सल विलायती" म्हणून दिलेला ग्रामोफोन घरी आणून उघडला, तर कर्णा नवा, पेटी नवी, आणि चावी दिली की स्प्रिंग दीड मिनिटात दम टाकी. तव्याची एक बाजू साधारण ३ मिनिटांची. म्हणजे मध्यंतरातच गायकाचा आवाज बसायचा! दिवाणखान्यात फुलदाणीऐवजी ठेवायला ही वस्तू ठीक आहे. पण तिच्या ध्वनिपेटीचे वजन सुईवर शंभर ग्रॅमच्याही वर पडते. पोलादी सुई एका बाजूपुरती असते. नंतर ती फेकायची. एकाच सुईवर दहा-दहा तवे वाजवणारा माणूस गाणे ऐकत नसतो, कानशीने घासत असतो. आणि अशा यंत्रावर कुणी एलपी ठेवली तर ती त्या एलपीची शेवटचीच मैफल समजावी.

हा जुना तवा कशाचा असतो, हे आमच्या भागातल्या माणसाने तरी विसरू नये. दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना बांधून ठेवणारी लाख! पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढणाऱ्या किड्याची लाख. आमच्या बालाघाट-शिवनीच्या रानातली लाख गोंदियाच्या कारखान्यांत जाई आणि तिचा चपडा होऊन दूरदेशी निघे. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधन घातले, इतकी तिची किंमत. आमच्या रानातला कण कोणत्या तव्यात गेला हे कोण सांगणार? पण कलकत्त्यात १९०२ साली गौहरजानचा आवाज मुद्रित झाला तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे या देशाचे गाणे लाखेवर टिकले. त्याच लाखेच्या तव्यावर लोक हौसेने स्पिरिट चोळतात! स्पिरिटात लाख विरघळते, हे आमच्या सुताराला ठाऊक आहे. तो पॉलिश करतो ना! फक्त रेकॉर्डप्रेमींना ठाऊक नाही.

आता यंत्रांची तुलना. थाळी फिरवण्याच्या तीन तऱ्हा. पहिलीत मोटारीचा दांडा रबरी चाकाला आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला फिरवते. जुन्या गॅरार्डची हीच तऱ्हा. ताकद भरपूर, पण मोटारीची घरघर सुईपर्यंत पोचते आणि चाक दाबून पडून राहिले तर चपटे होऊन ठकठक करते. दुसरीत रबरी पट्टा. १९६०च्या दशकात ही तऱ्हा नावारूपाला आली. घरघर पट्ट्यातच मुरते, पण पट्टा सैल झाला की वेग ढळतो. तिसरीत थाळी थेट मोटारीवर. टेक्निक्सने १९७०च्या सुमारास हे तंत्र बाजारात आणले. वेग पक्का, पण आतले सर्किट बिघडले तर लहान गावात दुरुस्तीला माणूस मिळत नाही. तिन्ही चांगल्या, तिन्ही वाईट. खरा निकाल दांडीच्या टोकाला लागतो.

त्या टोकाला सिरॅमिकचे हेड असेल तर सुई साधारण ५-६ ग्रॅमने दाबते. त्यातून विजेचा इशारा जोरकस निघतो, म्हणून स्वस्त यंत्रात तेच घालतात. चुंबकी हेड दीड-दोन ग्रॅमवर चालते. त्याचा इशारा जेमतेम ५ मिलिव्होल्टचा, म्हणून त्याला वेगळा फोनो-अॅम्प्लिफायर लागतो. एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि टिपेचे सूर उचललेले असतात. हा अॅम्प्लिफायर ते पुन्हा समतोल करतो. सुटकेसवाल्या स्वस्त यंत्रांत दांडीचे वजन कमीजास्त करायला मागे वजन नसते, आणि स्पीकर त्याच पेटीत बसवलेले असतात. म्हणजे जो आवाज निघाला तोच पेटीला हादरवून पुन्हा सुईत शिरतो. हे यंत्र वाईट हेतूने केले आहे असे मी म्हणत नाही. ते रेकॉर्ड टिकवण्यासाठी केलेले नाही, एवढेच म्हणतो.

यावर दोन बाजूंनी उत्तर येते. एक म्हणतात, "हे सगळे श्रीमंतांचे चोचले." मुळीच नाही! वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजता येते. वेग तपासायला खडू पुरतो: लेबलवर खूण करा आणि ३ मिनिटांत फेऱ्या मोजा. ३३⅓च्या बरोबर १०० भरल्या पाहिजेत. नव्या चकचकीत सुटकेसपेक्षा एखादे जुने, साधे, पण वजन लावता येणारे यंत्र बहुधा परवडते. लागते ती फक्त माहिती, आणि माहितीला पैसे पडत नाहीत.

दुसरे शहरी दर्दी. ते म्हणतात, लाखभर रुपयांचे यंत्र नसेल तर ऐकूच नका, आणि सीडी म्हणजे मेलेला आवाज. हेही थोतांड! हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर सीडीत एलपीपेक्षा जास्त मावते, आणि आज निघणाऱ्या अनेक नव्या एलपी डिजिटल मुद्रणावरूनच कापलेल्या असतात. मग रेकॉर्ड प्लेअर घ्यायचाच कशाला? "असली आवाजा"साठी नव्हे. पेटीत जे आहे ते कित्येकदा दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून घ्यायचा.

आणि इथे माझे खरे भांडण आहे. १ नोव्हेंबर १९५६ला जुना मध्यप्रदेश मोडला. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिले. बाघ नदी सरहद्द झाली. बाबूजींची कचेरी हिंदीत, आमची शाळा हिंदीत. मराठी शिल्लक होती ती आजीच्या ओव्यांत आणि त्या लाकडी पेटीत. बालगंधर्वांची नाट्यपदे, ना. घ. देशपांडे यांच्या शब्दांना जी. एन. जोशींनी दिलेला गळा. आमच्यासाठी हेच वाचनालय आणि हेच साहित्य संमेलन. मुंबई-पुण्यात एक तवा फुटला तर दुसरा मिळेल. सरहद्दीवरचा फुटला, झिजला, तर त्या घरातले एक पान गेले. त्यातले कित्येक तवे पुन्हा कधी निघालेच नाहीत.

म्हणून सांगतो, पेटी आडवी रचू नका, तवे उभे ठेवा. मे महिन्याच्या उन्हापासून जपा. योग्य सुईने, योग्य वजनाने एकदाच नीट वाजवा आणि त्याच वेळी संगणकात उतरवून घ्या. मग मोबाइलवर हवे तितके ऐका, अस्सल तव्याला विश्रांती द्या.

भाचा महिनाभर रुसला होता. मग एक दिवस त्याचा फोन आला, "मामाजी, ती जाड सुई कुठं भेटते?" माझ्याकडे दोन आहेत. यंदाच्या मंडईला तो येणार आहे. तुमच्याही घरी तवे असतील तर घेऊन या. सुटकेस मात्र घरीच राहू द्या.